'-ताना', 'तेवढ्यात' आणि 'दरम्यान': एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी इंग्रजीत कशा सांगायच्या

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे सांगायला मराठीत क्रियापदाला '-ताना' जोडला की बहुतेक वेळा काम होतं. जेवताना बोलू नकोस. ऑफिसला जाताना दूध घेऊन ये. मी त्याला पळताना पाहिलं. पाऊस पडत असताना वीज गेली. चारही वाक्यांत '-ताना' आहे, पण इंग्रजीत या चौघांची सोय चार वेगळ्या ठिकाणी होते. नव्याने इंग्रजी बोलू-लिहू लागलेला माणूस सगळीकडे 'व्हाइल' लावतो आणि मग काही वाक्यं बरोबर येतात, काही चुकतात, पण का चुकली ते त्याला कळत नाही. हा लेख त्या 'का'साठी आहे. शब्दांची यादी पाठ करण्याआधी दोन घटनांचं एकमेकींशी नातं काय आहे हे बघायची सवय लावा. शब्द त्यानंतर सापडतो.

पहिली पायरी: कोणती क्रिया लांब, कोणती छोटी?

स्वयंपाक करणं ही लांब क्रिया. बेल वाजणं ही क्षणाची. लांब क्रियेच्या मध्ये छोटी क्रिया येऊन पडते तेव्हा 'व्हाइल' लांब क्रियेपाशी बसतो: 'द बेल रँग व्हाइल आय वॉज कुकिंग.' छोटीपाशी 'व्हेन' बसतो: 'आय वॉज कुकिंग व्हेन द बेल रँग.' दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. 'व्हाइल द बेल रँग' असं मात्र या अर्थाने कोणी म्हणत नाही, कारण बेल वाजायला इतका वेळ लागतच नाही की तिच्या पोटात दुसरं काही घडावं.

आता आपलं 'तेवढ्यात' आठवा. 'मी निघणार, तेवढ्यात फोन आला.' 'इतक्यात', 'तोच' हेही त्याच घरचे. या शब्दांना इंग्रजीत शब्दाला शब्द शोधत बसू नका. वाक्याच्या मध्यावर येणारा 'व्हेन' नेमकं हेच काम करतो: 'आय वॉज अबाउट टू लीव्ह व्हेन द फोन रँग.' मधला हा 'व्हेन' शाळेत शिकलेल्या 'केव्हा'पेक्षा वेगळा आहे. त्यात अचानकपणा आहे. तो एकदा हाती आला की गोष्ट सांगताना फार उपयोगी पडतो.

दोन्ही क्रिया लांब असतील तर 'व्हाइल' आणि दोन्हीकडे चालू काळ: 'व्हाइल आय वॉज कुकिंग, शी वॉज स्टडिइंग.' मराठीत आपण इथे बऱ्याचदा 'एकीकडे… एकीकडे…' म्हणतो. 'एकीकडे भात शिजत होता, एकीकडे मी भाजी चिरत होते.' याचं 'ऑन वन साइड… ऑन अदर साइड' करू नका. इंग्रजी माणसाला त्यात जागा दिसते, वेळ दिसत नाही. 'आय चॉप्ड द व्हेजिटेबल्स व्हाइल द राइस वॉज कुकिंग' एवढं पुरे.

दुसरी पायरी: 'जेव्हा–तेव्हा'ची जोडी सोडा

मराठीत 'जेव्हा'ला 'तेव्हा' लागतोच. इंग्रजीत 'व्हेन' एकटा पुरतो. 'व्हेन आय रीच्ड, देन ही वॉज ईटिंग' यातला 'देन' काढून टाका. 'दॅट टाइम ही वॉज ईटिंग' हेही आपल्या 'त्या वेळी'चं थेट रूप आहे. तो शब्द हवाच असेल तर 'अ‍ॅट दॅट टाइम' किंवा 'अ‍ॅट द टाइम' म्हणा. 'अ‍ॅट'शिवाय तो वाक्यात नीट बसत नाही.

याच जोडीतली दुसरी अडचण जास्त खोलवरची आहे. 'तू येशील तेव्हा मला सांग.' मराठीत 'येशील' हा भविष्यकाळ अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आपण 'व्हेन यू विल कम, टेल मी' म्हणतो. इंग्रजीत वेळ सांगणाऱ्या या भागात 'विल' येत नाही. 'व्हेन यू कम, टेल मी.' 'व्हाइल यू आर इन पुणे, आय विल वॉटर युअर प्लांट्स.' 'विल' एकदाच, आणि तोही मुख्य वाक्यात. नोकरीच्या ईमेलमध्ये मराठी माणसाकडून होणाऱ्या चुकांत ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. एका आठवड्याच्या सरावाने ती जाते, म्हणून आधी तिच्याच मागे लागा.

तिसरी पायरी: 'जसजसं–तसतसं' म्हणजे 'अ‍ॅज'

दोन गोष्टी बरोबरीने बदलत असतील, एक वाढली की दुसरी वाढते किंवा घटते, तर 'व्हाइल' कमी पडतो. 'जसजसा दिवस वर येतो तसतसं ऊन वाढतं.' 'अ‍ॅज द सन राइजेस, इट गेट्स हॉटर.' इथेही दुसऱ्या भागात 'सो' लागत नाही.

'अ‍ॅज'चा एक धोका ध्यानात ठेवा: त्याचा अर्थ 'कारण' असाही होतो. 'अ‍ॅज शी वॉज कुकिंग, आय वेंट आउट.' ती स्वयंपाक करत असताना मी बाहेर गेलो, की ती स्वयंपाक करत होती म्हणून मी बाहेर गेलो? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. फक्त वेळ सांगायची असेल तर 'व्हाइल' वापरा, कारण सांगायचं असेल तर 'बिकॉज'. 'व्हाइल'लाही 'उलट' असा दुसरा अर्थ आहे: 'व्हाइल माय ब्रदर लाइक्स टी, आय लाइक कॉफी.' तो सहसा संदर्भाने कळतो, त्यामुळे त्याची फार काळजी नको.

चौथी पायरी: '-ताना' कोणाचा आहे?

या पायरीवर घाई करू नका.

'रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने धडक दिली.' मराठी वर्तमानपत्रात अशी बातमी येते आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. ओलांडणारा 'तो' आहे हे आपल्याला कळतं. हेच इंग्रजीत त्याच क्रमाने लिहिलं तर: 'व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट हिम.' याचा अर्थ ट्रक रस्ता ओलांडत होता. इंग्रजीत 'व्हाइल'नंतर नुसतं '-इंग' रूप आलं की त्याचा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता मानला जातो. मुख्य वाक्याचा कर्ता ट्रक आहे, म्हणून ओलांडणाराही ट्रक ठरतो. बरोबर वाक्य: 'अ ट्रक हिट हिम व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड.' किंवा: 'व्हाइल क्रॉसिंग द रोड, ही वॉज हिट बाय अ ट्रक.'

मराठी माणसाकडून ही चूक सहज का होते याला व्याकरणातलं कारण आहे. झोप, भूक, आठवण, राग, थंडी या गोष्टी आपल्याकडे माणसाला येतात किंवा लागतात. मला झोप लागली. मला आठवलं. मला पाऊस लागला. माणूस 'मला'मध्ये असतो आणि कर्त्याच्या जागी झोप किंवा पाऊस बसतो. त्यामुळे 'टीव्ही बघताना मला झोप लागली' या वाक्यात बघणारा एक आणि लागणारी दुसरीच, तरी मराठीला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत अशा वेळी अनुभव घेणारा माणूसच कर्ता होतो: 'आय फेल अस्लीप व्हाइल वॉचिंग टीव्ही.' 'घरी जाताना मला पाऊस लागला' याचं 'आय गॉट कॉट इन द रेन ऑन माय वे होम' होतं. इथे 'व्हाइल' लागतही नाही, कारण 'जाताना', 'येताना' यांना 'ऑन माय वे' हा सोपा आणि रोजचा प्रयोग आहे. 'ऑफिसला जाताना दूध आण' म्हणजे 'गेट सम मिल्क ऑन युअर वे टू द ऑफिस.'

तपासायची रीत साधी आहे. 'व्हाइल' आणि '-इंग'ने वाक्य सुरू केलं असेल तर स्वल्पविरामानंतरचा पहिला माणूस किंवा वस्तू बघा. ती क्रिया करणारा तोच आहे का? नसेल तर '-इंग' सोडा आणि कर्ता उघड लिहा. 'मी स्वयंपाक करताना आई आली' यात दोघी वेगळ्या आहेत, म्हणून 'माय मदर केम व्हाइल आय वॉज कुकिंग.'

'मी त्याला पळताना पाहिलं' यातली पळणारी व्यक्ती दुसरी आहे. 'आय सॉ हिम व्हाइल रनिंग' म्हटलंत तर पळत होता तुम्ही. पाहणं, ऐकणं, पकडणं, सापडणं या क्रियापदांनंतर 'व्हाइल' गाळायचा: 'आय सॉ हिम रनिंग.' 'चोरी करताना पकडलं' म्हणजे 'दे कॉट हिम स्टीलिंग.' 'तिला गाताना ऐकलं' म्हणजे 'आय हर्ड हर सिंगिंग.'

पाचवी पायरी: 'बोलता बोलता' आणि त्याची भावंडं

क्रियापद दोनदा म्हणायची आपली लकब इंग्रजीत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी अर्थ बघूनच उतरवावं लागतं. 'चालता चालता बोलू' यात खरोखर दोन क्रिया एकत्र चालल्या आहेत: 'लेट्स टॉक अ‍ॅज वी वॉक.' 'बोलता बोलता संध्याकाळ झाली' यात वेळ कसा गेला ते कळलं नाही ही भावना आहे, म्हणून 'वी टॉक्ड, अँड बिफोर वी न्यू इट, इट वॉज इव्हनिंग.' 'बघता बघता मुलगी मोठी झाली' यात कोणी काही बघत नाही. तिथेही 'बिफोर वी न्यू इट' चालतं. आणि 'पडता पडता वाचला' यात तर तो पडलेलाच नाही: 'ही ऑलमोस्ट फेल.' 'जाता जाता एक सांगतो' हे निरोप घेतानाचं वाक्य, 'वन लास्ट थिंग बिफोर आय गो.'

रूप एकच आहे, पण यातल्या पहिल्याच वाक्यात एकाच वेळी दोन कामं चालली आहेत. म्हणून '-ता -ता' दिसला की आधी मनात साध्या मराठीत त्याचा अर्थ सांगा, मग इंग्रजीकडे वळा.

'-ताच' आणि '-ल्याबरोबर' यांच्याबद्दल थोडक्यात. 'घंटा वाजताच मुलं पळाली' यात एक क्रिया संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. त्यासाठी 'अ‍ॅज सून अ‍ॅज द बेल रँग'. शाळेत घोटून घेतलेला 'नो सूनर… दॅन' परीक्षेसाठी आणि पुस्तकी लिखाणासाठी ठीक आहे. बोलताना तो कोणी फारसा वापरत नाही.

सहावी पायरी: 'दरम्यान'चे तीन तुकडे

'बैठकीदरम्यान', 'मुंबई-पुणेदरम्यान' आणि बातमीच्या शेवटच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला येणारा 'दरम्यान,'. हे इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. पहिला 'ड्युअरिंग द मीटिंग', दुसरा 'बिट्वीन मुंबई अँड पुणे', तिसरा 'मीनव्हाइल'.

'ड्युअरिंग'नंतर नाम येतं, पूर्ण वाक्य येत नाही. 'ड्युअरिंग द इंटरव्हल' बरोबर, 'ड्युअरिंग आय वॉज स्लीपिंग' चूक. उलट 'व्हाइल द मीटिंग' चूक, 'व्हाइल द मीटिंग वॉज ऑन' बरोबर. किती वेळ हे सांगायचं असेल तर दोन्ही नकोत: 'फॉर टू अवर्स'.

'मीनव्हाइल' दोन वाक्यांना जोडत नाही. तो नव्या वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो: 'शी चॉप्ड द ऑनियन्स. मीनव्हाइल, आय बॉइल्ड द राइस.' त्याचा जवळचा नातलग 'इन द मीनटाइम' म्हणजे आपलं 'तोवर'. गाडी दोन तास लेट आहे, तोवर काहीतरी खाऊन घेऊ: 'द ट्रेन इज टू अवर्स लेट. इन द मीनटाइम, लेट्स ईट समथिंग.'

सातवी पायरी: 'बरोबर', 'एकदम' आणि 'एका वेळी'

'आम्ही बरोबरच पोचलो.' एका गाडीतून आलात, की वेगवेगळे येऊन दारात गाठ पडली? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत सोबत आलात तर 'वी अराइव्ह्ड टुगेदर', नुसती वेळ जुळली तर 'वी अराइव्ह्ड अ‍ॅट द सेम टाइम'. पोलिसांसमोर किंवा विम्याच्या कागदावर हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

'एकदम'च्या बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यासारखंच वागतं. 'सगळे एकदम बोलू नका' आणि 'तो एकदम थांबला', दोन्हीकडे 'ऑल अ‍ॅट वन्स' चालतं. नुसत्या 'अ‍ॅट वन्स'चा मुख्य अर्थ 'ताबडतोब'. साहेबांनी 'कम अ‍ॅट वन्स' लिहिलं असेल तर निघा.

'टाइम' असलेले चार तुकडे दिसायला सारखे आणि अर्थाने फार लांब आहेत. 'अ‍ॅट द सेम टाइम' म्हणजे एकाच वेळी. 'वन अ‍ॅट अ टाइम' म्हणजे एका वेळी एकच, रांगेने. 'अ‍ॅट वन टाइम' म्हणजे एके काळी: 'अ‍ॅट वन टाइम, गिरणगाव वॉज फुल ऑफ टेक्स्टाइल मिल्स.' 'अ‍ॅट टाइम्स' म्हणजे कधीकधी. औषधाच्या चिठ्ठीवर 'टू टॅब्लेट्स अ‍ॅट अ टाइम' असेल तर दोन गोळ्या एका वेळेला घ्यायच्या आहेत. 'अ‍ॅट द सेम टाइम' बोलण्यात 'तरीही' म्हणूनही येतो: 'आय लाइक द जॉब. अ‍ॅट द सेम टाइम, इट इज टायरिंग.' ऐकताना हे ध्यानात असू द्या.

आठवी पायरी: भारदस्त शब्द, ज्याचे त्याचे घर

हे शब्द रोजच्या बोलण्यात लागत नाहीत, पण बातम्या, ऑफिस आणि अभ्यासात सतत भेटतात. प्रत्येकाला ठरलेली जागा आहे, म्हणून शब्दासोबत त्याची जागाही शिका.

'सायमल्टेनियस' म्हणजे एकसमयी. ब्रिटिश त्याचा उच्चार 'सिमल्टेनियस' असा करतात. दोन्ही चालतात. दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं म्हणजे 'सायमल्टेनियस इक्वेशन्स': दोन्ही समीकरणांत 'क्ष' आणि 'य'च्या त्याच किमती बसायला हव्यात. 1945 साली सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत कानाला यंत्र लावून चालतं भाषांतर झालं. ते 'सायमल्टेनियस इंटरप्रिटेशन'. वक्ता थांबल्यावर दुभाष्या बोलतो ते 'कन्सेक्युटिव्ह'. निवडणुकांच्या बातम्यांतही हा शब्द येतो. 1951-52 पासून 1967 पर्यंत लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी एकत्र झाल्या, आणि महाराष्ट्रात 1999 साली पुन्हा तसं झालं. या 'सायमल्टेनियस इलेक्शन्स'. देशभर एकाच दिवशी मतदान व्हावं असं त्यात अभिप्रेत नाही. पहिल्या निवडणुकीचं मतदान तर काही महिने चाललं होतं.

'कन्करंट' लॅटिनमधून आला आहे, सोबत धावणारा या अर्थाने. त्याला बराच काळ चालणारी गोष्ट लागते. राज्यघटनेतली समवर्ती सूची म्हणजे 'कन्करंट लिस्ट': त्यातल्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांचाही अधिकार चालतो. शिक्षण 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या सूचीत आलं. न्यायालयाच्या बातमीत हा शब्द आला तर जास्त जपून वाचा. आरोपीला 5 वर्षं आणि 3 वर्षं अशा दोन शिक्षा झाल्या आणि त्या 'कन्करंट' असतील, तर एकूण तुरुंगवास 5 वर्षांचा. 'कन्सेक्युटिव्ह' असतील तर 8 वर्षांचा. एका शब्दाने माणसाची तीन वर्षं ठरतात.

'कोइन्साइड' तारखांसाठी आणि घटनांसाठी आहे. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आले. 'ईद-ए-मिलाद कोइन्साइडेड विथ अनंत चतुर्दशी.' तेव्हा राज्यात ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं समंजसपणे ठरलं. एकाच वेळी आल्याने अडचण होत असेल तर 'क्लॅश': दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या, 'माय एक्झाम्स क्लॅश'. माणसांची गाठ पडली तर यातला एकही शब्द नको. तिथे 'आय रॅन इंटू अ फ्रेंड'.

'ओव्हरलॅप' म्हणजे काही भागापुरतं एकत्र असणं. जोतीराव फुले 1890 मध्ये वारले, तेव्हा टिळक 34 वर्षांचे होते. 'देअर लाइव्ह्ज ओव्हरलॅप्ड.' टिळक आणि आगरकर दोघंही 1856 च्या जुलैमध्ये जन्मले, ते 'कंटेम्पररीज', म्हणजे समकालीन. पण हाच शब्द विशेषण म्हणून आला, 'कंटेम्पररी मराठी पोएट्री', तर अर्थ 'आजची कविता' असा होतो. कोणाचा समकालीन हे सांगितलं नसेल तर आपलाच समजायचं.

आयटीत काम करणाऱ्यांनी 'कन्करंट' आणि 'पॅरलल' वेगळे ठेवावेत. एकच आचारी आलटून पालटून तीन शेगड्या सांभाळतो ते 'कन्करंट', तीन आचारी तीन शेगड्यांवर उभे आहेत ते 'पॅरलल'. ऑफिसात ऐकू येणारा 'पॅरलली' भारतात समजतो. बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना 'इन पॅरलल' लिहा.

सराव

मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या. '-ताना', 'असताना', 'दरम्यान', 'तेवढ्यात' जिथे येतील तिथे पेन्सिलने खूण करा. प्रत्येक खुणेपाशी तीन प्रश्न विचारा: क्रिया लांब की छोटी, ती करणारा कोण, आणि खरंच दोन्ही एकाच वेळी चालू आहेत का. मगच इंग्रजी वाक्य लिहा आणि मोठ्याने वाचा. सुरुवातीला ही तीन वाक्यं करून बघा: 'जिना उतरताना माझा पाय घसरला.' 'तू आंघोळ करशील तेव्हा मी चहा टाकतो.' 'मी तिला रडताना पाहिलं.'

पहिल्यात पाय जिना उतरत नाही, तुम्ही उतरता, म्हणून 'आय स्लिप्ड व्हाइल गोइंग डाउन द स्टेअर्स.' दुसऱ्यात 'करशील'चा 'विल' गाळायचा: 'आय विल मेक टी व्हाइल यू टेक अ बाथ.' तिसऱ्यात रडणारी ती आहे: 'आय सॉ हर क्रायिंग.'